काळ्या सिलिंडरला तेल

“हात काढा आधी! हात काढा म्हणतो ना!”

मुसक्या एवढ्या जोरात ओरडला की माझ्या गिरणीत दळणाला थांबलेल्या बायका ओट्यावर धावल्या. मीही पट्टा सोडवून बाहेर आले. खोटं कशाला बोलू, समोरच्या अंगणातलं भांडण मी कधी चुकवत नाही. त्या अंगणात दोन सख्खे भाऊ राहतात. थोरला शेती करतो, धाकट्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. अंगण एक, फाटक एक, पाण्याचा नळ एक आणि माणसांची तोंडं चार दिशांना. धाकटा काम करताना तोंडाला रबरी मास्क लावतो, दोन्ही गालांवर धूर गाळणारे डबे असलेला. बैलाला मुसकं बांधावं तसं ते दिसतं, म्हणून गावाने त्याला मुसक्या केला. त्याचं खरं नाव आता त्याची बायकोसुद्धा घेत नसेल.

नांगरटीचे दिवस होते. उन्हाने जमीन अशी तापली होती की ढेकूळ फोडायला गेलं तर कुऱ्हाडीची धार जायची. रोज कुणाचा तरी फाळ मोडत होता, कुणाच्या ट्रॅक्टरचा हूक तुटत होता आणि सगळा गाव मुसक्याच्या दारात उभा होता. गरम वारा सुटला की अंगणातली धूळ, भुसा आणि वेल्डिंगचा धूर असं सगळं मिळून आमच्या नाकात जायचं.

थोरला आपला मोडका फाळ घेऊन आला होता. ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्याने दुकानाच्या कोपऱ्यातला काळा सिलिंडर मिठीत धरून बाजूला सरकवला. साखळीसुद्धा सोडली. आणि त्याचे हात म्हणजे तेलाने माखलेले. या माणसाच्या खिशात रुमाल नसेल, पण हातात तेलाची कुपी असतेच. करकर आवाज त्याला सहन होत नाही. फाटकाची बिजागरी असो, विहिरीचा रहाट असो, रस्त्याने जाणाऱ्याची सायकल असो, थांबवून तेल घालील. माझ्या गिरणीच्या बेअरिंगला तो न विचारता तेल घालून जातो आणि वर मलाच ऐकवतो, “बाई, यंत्र बोलतंय तुमचं. ऐकू येत नाही का?”

“ओरडायला काय झालं?” थोरला म्हणाला. “जरा सरकवला. खाल्ला नाही.”

“तेलाचे हात लावलेत त्याला! कितीदा सांगायचं, काळ्या सिलिंडरला तेल चालत नाही.”

“चालत नाही म्हणजे? माझ्या हातांना काय रोग झालाय?”

“ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही बाहेर व्हा. तिकडे रांगेत थांबा.”

रांगेत थांबा! सख्ख्या थोरल्या भावाला, तेही त्याच्याच अंगणात, चार लोकांसमोर. थोरल्याचं तोंड बघवेना.

“याच हातांनी तुला खांद्यावर बसवून शाळेत नेला,” तो म्हणाला. “तेव्हा नाही आठवलं तेल?”

“शाळा कशाला आणता मध्ये? इथे कामाचं बोलतोय मी.”

“मग कर काम. मी दुसरीकडून करून घेतो.”

मोडका फाळ उचलून तो गेला. मुसक्याने फडकं घेतलं, सिलिंडर पुसला, पुन्हा पुसला, साखळीने भिंतीला बांधला आणि मास्क चढवून कामाला लागला. त्याचं चुकत नव्हतं. पण एखाद्याचं बरोबर असलं तरी थोबाडीत द्यावीशी वाटते ना, तसं मला त्या क्षणी झालं. शहरातल्या कारखान्यात राहून आलेला माणूस हा. काय चालत नाही ते सांगतो, का चालत नाही हे सांगायला याची जीभ झिजते.

दोघांचं बोलणं तिथून बंद झालं.

बायकांचं आधीच बंद होतं. त्याचं कारण तो पंखा. मुसक्याने दुकानाच्या भिंतीला भोक पाडून धूर बाहेर फेकणारा पंखा बसवला होता. त्याचं म्हणणं, धूर छातीत साठला तर माणूस चाळिशीत म्हातारा होतो. असेल बाबा. पण पंखा फेकत होता कुठे? थेट थोरल्याच्या पडवीत. तिथे त्याची बायको, थोरली, धान्य निवडायची, कपडे वाळत घालायची, दुपारची पाठ टेकायची. तिला आधीच खोकला. दिवसभर तो जळक्या लोखंडाचा वास घशात घेऊन ती माझ्याकडे दळायला यायची आणि बोलता बोलता भिंतीला धरून खोकायची.

“स्वतः मुसकं लावतो आणि घाण माझ्या तोंडावर सोडतो,” ती म्हणायची. “माझ्या छातीला पत्रा लावलाय का?”

“सांग ना त्याला.”

“सांगितलं. म्हणतो, वहिनी, तुम्ही पलीकडच्या खोलीत बसा. माझ्या घरात कुठे बसायचं ते हा ठरवणार!”

एका सकाळी तिने काय केलं, जुनं पोतं गुंडाळलं आणि पंख्याच्या भोकात घट्ट कोंबून टाकलं. त्याच दिवशी मुसक्याकडे जस्त चढवलेले पाण्याचे पाइप जोडायला आले. वारा सुटला म्हणून त्याने दार ओढून घेतलं होतं. त्यात मास्कचे डबे संपलेले, नवे आणायचे राहिलेले. पंखा गरगरत होता, पण बाहेर काहीच जात नव्हतं. जस्ताचा तो पांढरा धूर खोलीत दाटला आणि या शहाण्याच्या ते लक्षात यायला दुपार झाली. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. दात वाजत होते, तोंडाला पैसा चघळल्यासारखी चव, पाणी उलटून पडत होतं. धाकटी रात्रभर उशाशी बसली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला तशी ती अंगणात उभी राहिली आणि तिने थोरलीचा असा उद्धार केला की माझी गिरणीसुद्धा कमी आवाजाची वाटली.

“जीव घ्यायला उठलात काय? पोतं कोंबता! माणूस आत होता!”

“माझ्या पडवीतही माणूसच बसतं!” थोरली ओरडली. “माझ्या खोकल्याने तुझी झोप कधी मोडली का?”

“मेला असता म्हणजे समाधान झालं असतं तुमचं.”

“असलं अभद्र बोलू नकोस. पोतं धुरासाठी लावलं, दिरासाठी नाही.”

पण शब्द गेला तो गेला. जीव घ्यायला उठलेत, हे अख्ख्या आळीने ऐकलं. नळावर थोरली आली की धाकटी कळशी उचलून आत जायची. थोरल्याने अंगणाच्या मधोमध लाकडं रचून हद्द घातली. पंखा पुन्हा सुरू झाला, पुन्हा पडवीकडेच. मुसक्या आता जास्तच इरेला पेटला होता.

अशातच एके दिवशी मी ओट्यावर पीठ झाडत होते. समोर मुसक्या काळ्या सिलिंडरचा वॉल, म्हणजे वरची तोटी, उघडायला झगडत होता. तो वॉल चावीने फिरवायचा असतो आणि चावी काही केल्या फिरेना. त्याने अंगाचा जोर लावला तशी चावी सटकली आणि त्याची बोटं साखळीवर आपटली. चांगलं सालपट निघालं, रक्त आलं. शिवी हासडून त्याने बोटं तोंडात धरली.

लाकडांच्या पलीकडे थोरला गोठा झाडत होता. त्याचा खराटा थांबला. तो एक पाऊल पुढे आला, मग आठवलं असावं, तसाच मागे वळला. मी बघितलं ते. भांडण कितीही असो, धाकट्याला लागलं की त्याच्या तोंडावर ते उमटायचंच. मला वाईट वाटलं. नंतर दिवसभर त्याचा खराटा काही नीट चालला नाही.

दुसऱ्या दिवशी मुसक्या सामान आणायला बाजारात गेला. दुकान नुसतं ओढून घेतलेलं. सिलिंडरचा रेग्युलेटर, म्हणजे तो घड्याळासारखा काटा असलेला भाग, त्याने काढून आत ठेवला होता. वॉलचं तोंड उघडं होतं.

पुढचं मला थोरलीने नंतर सांगितलं. ती पडवीत बसली होती. नवरा दुकानातून बाहेर येताना दिसला. हातात कुपी. कित्येक दिवसांनी त्याच्या तोंडावर जरा हसू होतं.

“कुठे गेला होतात?” तिने विचारलं.

“वॉल घट्ट झालाय त्याचा. बोटं फोडून घेतली काल. तेल घातलं वरून, तोंडातही दोन थेंब सोडले. आता लोण्यासारखा फिरेल.”

“अहो, त्याने नको म्हटलं होतं ना?”

“हात लावू नका म्हणाला होता. मी हात कुठे लावला? कुपीच्या चोचीनेच घातलं.”

आणि स्वारी शेतावर निघून गेली. आता या माणसाला काय म्हणायचं? सांगितलेलं तंतोतंत पाळलं आणि नेमकं तेच करून बसला. थोरली धान्य निवडत राहिली. पण मनात काहीतरी टोचत होतं. दीर त्या दिवशी ओरडला होता तो रागाने ओरडला नव्हता, घाबरून ओरडला होता, असं तिला आठवत गेलं. हात काढा म्हणताना त्याचा आवाज फाटला होता. राग आणि भीती यांतला फरक बायकांना कळतो.

तेवढ्यात फाटकात ट्रॅक्टर येऊन थांबला. मागचा हूक अर्धा तुटून लोंबत होता आणि ट्रॅक्टरवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मुसक्याही बाजारातून परतला. एरवी तो वॉलचं तोंड पुसून, निरखून मगच रेग्युलेटर लावायचा. पण ट्रॅक्टरवाला कानाशी कटकट करत होता, शेतात मजूर बसलेत म्हणत होता. मुसक्याने काळा चष्मा आधीच डोळ्यांवर चढवला, मास्क लावला, रेग्युलेटर बसवून आवळला आणि चावी हातात घेतली.

थोरली उठली. कुठल्या कुठे धान्य सांडलं. लाकडांच्या हद्दीवरून ती चढून पलीकडे पडली आणि ओरडत सुटली. माझी गिरणी चालू होती, मला फक्त तिचं उघडं तोंड आणि हलणारे हात दिसत होते. मी पट्टा ओढला. गिरणी थांबली आणि तिचा आवाज एकदम सगळ्या आळीत घुमला.

“उघडू नका भाऊजी! वॉल उघडू नका! यांनी तेल घातलंय!”

मुसक्या तसाच थिजला. चावी वॉलवर होती, हात चावीवर होता. त्याने हळूच हात काढून घेतला. चष्मा वर केला. वॉलवरून बोट फिरवलं, उन्हात धरलं. बोट चकाकलं.

मग मुसक्याने मास्क ओरबाडून काढला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता.

“सगळे मागे व्हा,” तो म्हणाला. “बाहेर व्हा सगळे.” आणि मग थोरलीकडे बघून, “कुणी घातलं म्हणालात?”

“यांनी.”

“आधी पोतं, आता तेल!” धाकटी दारातून किंचाळली. “ऐकलं ना सगळ्यांनी? मी म्हणत होते तेव्हा मलाच कजाग ठरवलं!”

“अगं, त्याचा वॉल घट्ट होता म्हणून…” थोरली सांगायला लागली, पण तिचं कोण ऐकणार? लोकांना काय, दोन भाऊ, एक अंगण, मधे हद्द. गोष्ट पुरी करायला एवढं पुरे होतं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, पोलिसांना बोलवा. माझ्या ओट्यावरची एक म्हणाली, मला आधीपासून त्याचे डोळे बरे वाटत नव्हते. मी तिला म्हटलं, “बाई, तुझ्या शिवणयंत्राला मागच्या आठवड्यात तेल घातलं तेव्हा बरे वाटले का त्याचे डोळे?” ती गप्प बसली, पण बाकीचे कुठे गप्प बसतात?

गलका ऐकून थोरला शेतातून धावत आला. पायाला माती, खांद्यावर दोर. त्याला वाटलं, गुरं सुटली.

“काय झालं?”

“काय झालं विचारता?” मुसक्या त्याच्या अंगावर गेला. “मला उडवायला निघाला होतात तुम्ही. जागेसाठी? दुकानासाठी? मागायचं होतं, दिलं असतं! तेल घालून मारायचं सुचलं तुम्हाला?”

थोरल्याला आधी काही कळेचना. तो बायकोकडे बघत राहिला. तिने मान खाली घातली. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, समोरचे सगळे आपल्याकडे कसे बघतायत.

“घट्ट होता वॉल,” तो म्हणाला. “तुझी बोटं फुटली काल. म्हणून घातलं.”

“बोटांची काळजी! आणि तेलाने सिलिंडर फुटतो हे माहीत नव्हतं, असंच ना?”

“तेलाने कुठे काही फुटतं? मी उभा जन्म तेल घालतोय.”

“खोटं बोलू नका!”

झालं. खोटं हा शब्द थोरल्याला सहन होत नाही. खांद्यावरचा दोर त्याने खाली फेकला आणि सरळ दुकानात घुसला.

“खोटं काय? आत्ता दाखवतो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडतो. बघू काय फुटतं ते!”

त्याने चावी धरली आणि वॉलवर ओणवा झाला. तोंड अगदी वॉलच्या वर. बघ्यांची अशी पांगापांग झाली की ट्रॅक्टरवाला आपला ट्रॅक्टर सोडून पळाला. मी ओट्यावर खाली बसले, दोन्ही हातांनी कान झाकून.

पण मुसक्या पळाला नाही. त्याने मागून थोरल्याच्या कमरेला मिठी मारली आणि ओढला. थोरला दांडगा, नांगर धरणारा. तो हलेना. “सोड! मला खुनी म्हणतोस? सोड!” मुसक्याने पाय भिंतीला लावले, दात आवळले आणि सगळा जोर काढून हिसका दिला. चावी सुटून लांब जाऊन पडली. दोघं भाऊ दारातून बाहेर धुळीत कोसळले, एकाखाली एक. थोरला उठायला बघतोय आणि धाकटा त्याच्या छातीवर बसून त्याचे हात जमिनीला दाबून धरतोय. लहानपणी कुस्ती खेळायचे तेव्हा नेहमी उलटं असायचं.

“तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?” मुसक्या धापा टाकत म्हणाला.

“काय माहीत नव्हतं?”

“तेल पेट घेतं ते.”

“पेटायला काडी लागते. एवढं कळतं मला.”

“याला नाही लागत!” मुसक्याचा आवाज चिरकला. “आत ऑक्सिजन आहे. एवढ्या दाबाने बाहेर पडतो की तेलाचा थेंब आपोआप भडकतो. काडी नको, ठिणगी नको. कारखान्यात माझ्या शेजारी एक जण होता. हाताला ग्रीस होतं, तसाच रेग्युलेटर लावला. वॉल उघडला आणि तोंड गेलं त्याचं. त्याच्या बायकोने ओळखला नाही त्याला.”

थोरला जमिनीवरच पडून होता.

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तेल चालत नाही म्हणून.”

“चालत नाही सांगितलंस. माणूस मरतो, हे कुठे सांगितलंस? रांगेत थांबा म्हणालास!”

मुसक्या त्याच्या छातीवरून उठला आणि बाजूला धुळीतच बसला. त्याची सालपटलेली बोटं पुन्हा वाहत होती.

“सोंग आहे सगळं!” धाकटी म्हणाली. “मारायला आला होता, आता उलटलं तर…”

“तू गप,” मुसक्या म्हणाला. “मारायला आलेला माणूस स्वतःचं तोंड त्यावर धरत नाही. खुनी नाही तो.” आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, कपाळावर हात मारून म्हणाला, “अडाणी आहे! नुसता अडाणी!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी. इतका वेळ कोंडलेली भीती होती, तिला वाट मिळाली आणि सगळेच हसत सुटले. पळालेला ट्रॅक्टरवालाही परत येऊन हसायला लागला.

थोरला उठला. कपड्यांची धूळ झाडली. दोर उचलून खांद्यावर टाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज असा की हसणारे आपोआप थांबले.

“खुनी म्हणालास,” तो म्हणाला, “ते मी विसरलो असतो. रागात होतास, घाबरला होतास. पण आता शांत डोक्याने, चार लोकांत तू मला अडाणी म्हणालास. हे नाही विसरणार मी.”

तो गेला.

मुसक्याने त्या सिलिंडरला कुणाला हात लावू दिला नाही. जाड दोर बांधून भोवती जागा मोकळी केली, वर खडूने मोठी फुली मारली आणि गॅसवाल्याचा माणूस येऊन नीट घेऊन जाईपर्यंत दुकान बंद ठेवलं. ट्रॅक्टरवाला शिव्या देत दुसऱ्या गावी गेला. पुढे मुसक्याने पंख्याला पत्र्याचं नळकांडं लावून धूर छपरावर काढला. वहिनीला एका शब्दाने काही म्हणाला नाही, चढला, लावलं आणि उतरला. मला राग आला. जिने जीव वाचवला तिला सरळ तोंडाने दोन शब्द बोलायला याचं काय जात होतं?

हद्दीची लाकडं अजून तिथेच आहेत. भाऊ बोलत नाहीत. थोरला घरात बायकोशीही धड बोलत नाही. तू गावासमोर माझं नाव घेतलंस, आधी मला सांगायचं होतंस, म्हणतो. धाकटी म्हणते, हिला माहीत होतं तर तेल घालतानाच का नाही अडवलं? म्हणजे दोन्ही घरांनी मिळून दोष टाकला तो थोरलीवर.

काल ती दळायला आली होती. डबा ठेवून बाकावर बसली. समोर दोघं भाऊ एकाच वेळी फाटकाशी आले होते आणि आधी कुणी आत जायचं यावरून दोघंही फुरंगटून उभे होते. कुणीच हलत नव्हतं.

“एवढं करून तुझ्या पदरात काय पडलं?” मी तिला म्हटलं. “नवरा बोलत नाही, दीर बोलत नाही, जाऊ तर शिव्याच घालते. तुला वाटत नाही का, उगाच ओरडले म्हणून?”

ती फाटकाकडे बघत होती.

“दळ तू,” ती म्हणाली. “भांडायला दोघंही आहेत ना अजून, बास.”